कारवंडचा पहिला कॉल

“हिला बोलता येत न्हाय, ऐकू येत न्हाय, आन पयला नंबर हिचाच!” कोंडीबा झोरे हसत म्हणाला आणि ओळीत सगळ्यांच्या पुढे ठेवलेली काठी त्यानं मला दाखवली.

कारवंडच्या धनगरवाड्यावर झऱ्याचं पाणी बारीक. बायका भल्या पहाटे आपापली कळशी ओळीत ठेवून म्हशींकडे निघून जातात. कळशी उभी म्हणजे माणूस उभं; पुढची कळशी सरकवायची कुणाची हिंमत नाही. त्या सकाळी तशीच ओळ फोनसाठी मी उभ्या केलेल्या अँटेनाच्या खांबाशी लागली होती. कळशांच्या जागी काठ्या, घोंगड्या, एक मोडकी छत्री आणि कुणाचा तरी कोयता होता. सगळ्यात पुढची काठी कोंडीबाच्या धाकट्या बहिणीची, ठकूबाईची.

ती स्वतःही शेजारीच बसली होती. आदल्या वर्षी कड्यावरून घसरून तिची कंबर मोडली होती, म्हणून कोंडीबानं तिला पाठुंगळी घेऊन चढावर आणलं होतं. पंचेचाळिशीची काटकुळी बाई, पदर कानामागे खोचलेला, आणि नजर माझ्या हातांवर. मी स्क्रू पिळला की स्क्रूकडे बघायची, वायर गुंडाळली की कोपराकडे, मी घाम पुसला की कपाळाकडे. एवढं टक लावून कुणी बघितलेलं मला सहन होत नाही. मी दोनदा हसून दाखवलं आणि मग नाद सोडला.

ही गोष्ट बरीच जुनी. मी तेव्हा एका संस्थेत होते. जिथं मोबाइलची रेंज पोचत नाही अशा डोंगरातल्या वस्त्यांवर हवेतून इंटरनेट न्यायचं, आणि पुढे ते वस्तीनं स्वतः सांभाळायचं, असं आमचं काम. धरणाच्या पाण्यापलीकडच्या गावात एक अँटेना, तिच्याकडे तोंड करून डोंगरावर दुसरी, शेजारी सौर पॅनेल आणि बॅटरी. कागदावर एकदम सोपं. प्रत्यक्षात लाँचमधून उतरलं की सामान डोक्यावर घ्यायचं आणि छाती फुटेस्तोवर चढायचं. येताना वाटेत बॅटरी पडली आणि फुटली. नवी येईपर्यंत सगळी मदार उन्हावर होती. शाळेतली जुनी बॅटरी जोडली होती, पण तिच्यात काही जीव नव्हता. ऊन आहे तोवर इंटरनेट, ऊन गेलं की रामराम.

“कुणाला फोन लावायचाय त्यांना?” मी विचारलं.

“आमच्या झिमाआक्काला. थोरली भन.”

“मग तुम्हीच बोला ना. काय ते यांना खुणेनं सांगा.”

“आक्का बी मुकीच हाय, ताई.”

मी हातातला पाना खाली ठेवला. कोंडीबाचं हसू कधीच ओसरलं होतं. तो माझ्यासमोर उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत सांगू लागला.

“दोघी बी जल्मापासनं अशाच. मधी मी एकटा ऐकनारा. पन त्या दोघींचं एकमेकींवाचून काय अडायचं न्हाय. हातांनी बोलायच्या. कुनी शिकवलं न्हाय, आपली आपन बोली केली. मग आक्काला दिली लांब, चंदगडाच्या अंगाला. तितनं हितं यायचं म्हंजे म्हशी कुनाच्या गळ्यात बांधायच्या? न्हाय जमलं. माझं लगीन व्हायच्या आदीपास्नं दोघींनी एकमेकींचं तोंड बगितलेलं न्हाय.”

“इतकी वर्षं?”

“व्हय. पन आक्काचं बरं चाललं हुतं. दाजी देवमानूस. त्यानं तिची बोली शिकून घेतली, अगदी तिच्यावानी हात करायचा. दिवाळीच्या तोंडावर त्यो तापानं गेला.” कोंडीबा बोटानं मातीत रेघ ओढत होता. “त्या घरात तिची बोली समजनारा त्यो एकलाच, ताई. त्यो गेला, आन तिनं हात पदराखाली घेतलं ते घेतलं. भितीकडं तोंड करून बसलीया. खात न्हाय, आन आता पानी बी सोडलंय. सलायन लावली ती उपसून टाकली. डाक्टर म्हनला, पोटात पानी गेलं न्हाय तर बाई हाताची गेली म्हना.”

“तुम्ही गेला होतात?”

“परवाच आलो. दोन दिस तिच्याम्होरं बसलो. मला खुना येत्यात धा-पंधरा. भाकर, म्हस, बाजार. तेवढ्यात मानसाला जग म्हनायचं कसं?”

ठकूबाईला झोळीत घालून खाली न्यायचं म्हटलं तर ती कंबर त्या उतारावर टिकली नसती, आणि पुढं दिवसभराची एसटी. तिनंच खुणेनं धोशा लावला होता, मला त्या खांबाकडे ने. खांबातून माणसं दिसतात हे तिला कसं कळलं म्हणाल तर आदल्या दिवशी मी आमच्या ऑफिसातल्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून बघितला होता, तेव्हा. लागला आणि लगेच तुटला. पण ठकूबाई तेवढ्यात बघून मोकळी झाली होती.

कार्तिकातलं धुकं तिथं जागचं हलत नाही. वाडीतली माणसं कामं आटोपून एकेक करत खांबाशी जमली. दिवाळीला मुंबईहून आलेली पोरं होती, त्यांच्या हातात फोन होते. कोंडीबाची बायको राहीवहिनी ठकूबाईसाठी ताटात भाकरी आणि दही घेऊन आली. ठकूबाईनं ताट बाजूला सारलं.

“कालपास्नं हिचं बी हेच,” राहीवहिनी मला म्हणाल्या. “तिकडं ती जेवत न्हाय, हिकडं ही. मी आपली चुलीपुडं बसून कुनाकुनासाटी रडू?”

मग एकदम धुकं फाटलं. पॅनेलवर ऊन पडलं, यंत्रावरचे दिवे लुकलुकले आणि पोरांनी आरोळी ठोकली. मी आनंदानं हात वर केले. दुसऱ्या क्षणी सगळ्यांचे फोन टिंगटिंग वाजायला लागले. दिवाळीपासूनचे साठलेले निरोप, फोटो, व्हिडिओ, सगळं एकदम त्या बारक्या वाटेनं वाडीत घुसत होतं.

मी माझा फोन एका पालथ्या पाटीवर दगडाला टेकवून ठकूबाईसमोर ठेवला आणि कोंडीबानं दिलेला नंबर लावला. तो झिमाबाईच्या नवऱ्याच्या पुतण्याचा, जानूचा होता. त्यांच्या वाडीवर मोबाइलची रेंज होती. जानूचा अर्धा चेहरा आला आणि जागेवर गोठला. मी पुन्हा लावला. पुन्हा गोठला.

“काय झालं?” कोंडीबानं विचारलं.

“सगळे एकदम वापरताहेत. व्हिडिओला वाट उरत नाही. बाकीचे फोन बंद करावे लागतील. सगळे.”

ओळीतल्या छत्रीचा मालक सोनूतात्या काठीवर हनुवटी टेकवून उभा होता. त्याला मुंबईत नातू झाला होता आणि तो त्यानं अजून बघितला नव्हता. आज त्याला तो दाखवायचं मी कबूल केलं होतं. एका पोराचं काहीतरी डाउनलोड अर्ध्यावर आलं होतं, तो फोन छातीशी धरून मागे सरकला.

राहीवहिनी तरातरा घरी गेल्या आणि कोंबड्या झाकायचं डालगं घेऊन आल्या. उलटं करून त्यांनी ते मधोमध ठेवलं.

“टाका ह्यात. बंद करून टाका. ज्याचा वाजंल त्याला मी रातच्याला कोंबड्यांत झाकीन.”

सोनूतात्या पुढे झाला. कोपरीच्या खिशातून त्यानं रुमालात गुंडाळलेला फोन काढला, पोराकडून बंद करून घेतला आणि डालग्यात ठेवला. मग कुणी मागे राहिलं नाही. डाउनलोडवाल्या पोरानंसुद्धा टाकला, तोंड वाकडं करून का होईना.

तिसऱ्यांदा कॉल लागला आणि चित्र लख्ख आलं. जानू पंचविशीचा, डोक्याला मफलर बांधलेला. “मामा, दिसताय, दिसताय!” तो ओरडला. “काकीकडं नेतो बगा.” चित्र हललं, उंबरा दिसला, अंधार झाला. मग पडद्यावर काहीतरी काळंसावळं आलं. सुरकुत्या, केसांची बट, चांदीचं बारीक कुडं. आम्ही सगळे डोळे बारीक करून बघत राहिलो.

“ह्यो तर कान हाय!” सोनूतात्या म्हणाला.

कानच होता. जानूनं फोन नेऊन झिमाबाईच्या कानाला लावला होता. फोन म्हणजे कानाला लावायचा, हे त्याच्या हाताला इतकं पाठ होतं की काकी जन्मापासून बहिरी आहे हे डोक्यात यायला वेळच मिळाला नाही. वर तो मोठ्यानं ओरडत होता, “काकी, ठकूमावशी हाय! बोल, बोल!”

“अरं बैला, कानाला काय लावतोस? तोंडाम्होरं धर!” कोंडीबा असा गरजला की फोन नसता तरी चंदगडला ऐकू गेलं असतं.

माणसं हसली. ठकूबाई हसली नाही. ती पुढे वाकली आणि पडद्यावरच्या त्या कानावर तिनं बोट ठेवलं. कानाची पाळी खालून फाटलेली होती. तिला बहीण सापडली होती.

मग जानूनं फोन समोर धरला आणि झिमाबाईचा चेहरा आला. मला आजही तो चेहरा जसाच्या तसा दिसतो. खोलीत अंधार होता, दारातून येणारा उजेड गालाच्या एका हाडावर पडला होता. ओठांना पापुद्रे आलेले. ठकूबाईचे हात भराभरा हलू लागले. झिमाबाईनं एकदा पडद्याकडे बघितलं असेल नसेल. आणि तिनं डोळे मिटून घेतले.

“काकी, बग की! अगं, बग!” जानू तिचा खांदा हलवत होता. तिनं पापण्या आणखी घट्ट केल्या.

ऐकणाऱ्या माणसानं डोळे मिटले तर त्याला हाक मारता येते. हिनं डोळे मिटले म्हणजे तिच्यापर्यंत जायचं एकुलतं एक दार लागलं होतं, आणि हात लावून जागं करायला ठकूबाई तिथं नव्हती. माझी सगळी यंत्रं, तो खांब, ती चढण, सगळं इथवर येऊन संपलं होतं.

“ऱ्हाऊ दे जानू,” कोंडीबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. “नगं तरास दिऊस तिला.”

तेवढ्यात ठकूबाईनं शेजारचं ताट ओढलं. भाकरी ओच्यात टाकली, दही जमिनीवर ओतलं आणि पदरानं ताट घासून घासून पुसलं. मग ते दोन्ही हातांत धरून सूर्याकडे तिरकं केलं. उन्हाचा एक गोळा खांबावर पडला, सोनूतात्याच्या पोटावर आला आणि सरकत सरकत माझ्या फोनच्या तोंडावर स्थिर झाला. पडद्याच्या कोपऱ्यातलं आमचं छोटं चित्र पांढरंफटक पडलं.

“अहो, कॅमेरा जाईल माझा!” मी हात पुढे केला. राहीवहिनींनी माझं मनगट धरलं.

“थांबा ताई. उगं न्हाय करत ती काय.”

ठकूबाईनं ताट हलवलं. ऊन गेलं. पुन्हा आणलं. गेलं. आणलं, आणि यावेळी जरा जास्त वेळ धरलं.

आणि मग आम्ही ते बघितलं. तिकडच्या अंधाऱ्या खोलीत झिमाबाईच्या मिटलेल्या डोळ्यांवर उजेड पडला. जानूच्या हातातला फोन तिच्या तोंडापाशी होता, आणि इथून पाठवलेल्या उन्हानं त्याचा अख्खा पडदा पांढरा होऊन उजळत होता. विझत होता. पुन्हा उजळत होता. कारवंडच्या डोंगरावरचं ऊन, मधली सगळी खोरी आणि गावं ओलांडून, तिच्या पापण्यांवर पडत होतं. मला त्यातली तार न् तार माहीत होती, ते कसं जातं, कुठून जातं, किती उशिरा पोचतं. तरी असं काही या यंत्रातून पाठवता येतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

“हाक मारतीया,” कोंडीबा पुटपुटला. “बारक्या असताना दोघी दोन टेकाडांवर म्हशी राखायच्या. आक्का झाडाखाली निजायची. ठकू आरशाच्या तुकड्यानं तिच्या डोळ्यांवर उन पाडायची. दोनदा बारकं, एकदा मोठं. चल, घरला चल.”

दोनदा बारकं, एकदा मोठं. झिमाबाईची पापणी थरथरली. पुन्हा तेच. मग तिनं डोळे उघडले.

ठकूबाईनं ताट खाली टाकलं. दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. मला वाटलं चित्र पुन्हा गोठलं, पण झिमाबाईच्या गळ्याची शीर हलत होती. मग पदराखालून एक हात बाहेर आला. त्या हाताचं एक बोट हळूहळू डाव्या भुवईवरून फिरलं. मला वाटलं, घाम पुसते आहे.

यानंतर झिमाबाईनं पहिली गोष्ट काय केली असेल? दोन्ही गाल आत ओढले, करंगळी ताठ उभी केली आणि डोळे वटारले. हे मलासुद्धा समजलं. किती वाळली आहेस! नवरा गेलेली, मरायला टेकलेली ती बाई धाकट्या बहिणीला रागावत होती.

राहीवहिनी हसता हसता रडायला लागल्या.

मग जे सुरू झालं ते मला धड सांगता यायचं नाही. चार हात बोलू लागले. सुरुवातीला ठकूबाईचे हात इतके झरझर चालले की पडद्यावर त्यांचे नुसते चौकोन पडत होते आणि पलीकडे झिमाबाई मान हलवून कळलं नाही म्हणत होती. दोन-चारदा असं झाल्यावर ठकूबाई थांबली, चित्र किती मागून येतंय याचा तिनं अंदाज घेतला आणि मग प्रत्येक खूण केल्यावर हात हवेत क्षणभर तसाच धरून ठेवू लागली. ती पोचली की पुढची. आमच्या ऑफिसातल्या लोकांना हे सांगून सांगून जमत नसे.

तिनं सांगितलं, विचारलं, नक्कल केली, भांडली. कुणीतरी म्हातारं काठी टेकत गेलं. कुणीतरी बाळ जन्मलं. आग लागली, विझली. मध्येच छाती बडवून दोघी बिनआवाजाच्या रडल्या, तेव्हा दाजींबद्दल चाललं असणार. मग लगेच नाकाला दोन बोटं लावून पिळल्यासारखं करत ठकूबाईनं कुणाची तरी लांबलचक हकीकत सांगितली आणि झिमाबाईच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं.

“काय म्हणतायत?” मी कोंडीबाला हळूच विचारलं.

“मला त्यातलं काय ठाव न्हाय, ताई.” तो आ वासून बघत होता. “ही भाकर. ही आय. ह्ये… ह्ये कवा बगितलंच न्हाय.”

सगळी वाडी मागे उभी राहून तिच्या हातांकडे बघत होती. रोज गोठ्यात, झऱ्यावर दिसणारी ही बाई. खा, ये, जा, म्हैस सुटली, एवढ्याच तिच्या खुणा त्यांना माहीत होत्या, आणि तिच्यात तेवढंच असेल असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

“माझ्या चुलीपाशी बसती ही,” राहीवहिनी अगदी खाली आवाजात म्हणाल्या. “लगीन होऊन आले त्या दिसापास्नं. मला वाटायचं, हिला सांगन्यासारकं काय नसंलच.”

उन्हाची तिरीप खांबाच्या बुंध्यापाशी आली होती. कड्याखालून धुकं परत वर चढत होतं. मी ठकूबाईसमोर जाऊन आधी सूर्याकडे आणि मग फोनकडे बोट दाखवलं, मूठ मिटली. तिला समजलं. तिनं ओच्यातली भाकरी काढून पुसलेल्या ताटात ठेवली, ताट पडद्यासमोर धरलं, आणि मग ते सरळ जमिनीवर उपडं घातलं. वर हात ठेवून बसली; तू घे, मग मी.

झिमाबाईनं नको नको केलं. रागावली. बोट नाचवलं. ठकूबाई हलेना. शेवटी झिमाबाई मागे वळली, आणि जानूच्या बायकोनं बाजूनं पुढे केलेला तांब्या तिनं घेतला. पहिला घोट ओघळून हनुवटीवर गेला. दुसरा आत गेला. तिचा गळा वरखाली होताना आम्ही सगळ्यांनी बघितला. तिसरा, चौथा. इकडे कोंडीबा प्रत्येक घोटाला मान हलवत होता. मग तिनं रिकामा तांब्या उलटा करून बहिणीला दाखवला, झालं समाधान, अशा तोऱ्यात.

ठकूबाईनं ताट उलथून भाकरीचा तुकडा तोंडात घातला. तो चावत असतानाच धुक्यानं पॅनेल गिळलं आणि पडदा काळा झाला.

झिमाबाई त्यातून उठली. पुढं बरीच वर्षं जगली, आणि नवी बॅटरी आल्यावर दर बाजारच्या दिवशी दोघी समोरासमोर बसून जेवत असत. पण हे नंतरचं. त्या घटकेला आम्ही काळ्या पडद्याकडे बघत धुक्यात उभे होतो.

“तात्या, तुमची पाळी गेली हो,” मी म्हणाले. मला खरंच वाईट वाटत होतं.

“गेली तर गेली. नातू काय उद्या म्हातारा हुनार हाय का?” सोनूतात्या डालग्यातून आपला रुमाल शोधत म्हणाला.

राहीवहिनी मात्र तिथंच बसून होत्या. “अवो,” त्या कोंडीबाला म्हणाल्या, “झिमावन्सं सारख्या भुवईवरनं बोट फिरवत हुत्या. त्ये काय?”

कोंडीबानं डोकं खाजवलं. मग म्हणाला, “त्ये ठकूचं नाव. बारकी असताना म्हशीनं लाथ मारली, भुवई फाटली हिची. तवापास्नं आक्का तिला तशीच बोलवायची. मी बी बोलवायचो. पार इसरून गेलो बग.”

“आन आपन ठकू म्हनतो.”

“मग? ठकूच नाव हाय तिचं. बारशाला ठेवल्यालं.”

“तिनं कवा ऐकलंय त्ये?”

राहीवहिनी सरकत सरकत ठकूबाईच्या पुढ्यात जाऊन बसल्या. ठकूबाई भाकरी खात होती. वहिनींनी तिच्या गुडघ्याला हात लावला, ती बघेपर्यंत थांबल्या, आणि आपल्या डाव्या भुवईवरून बोट फिरवलं. जरा उलटसुलट झालं असावं.

ठकूबाईचा घास तोंडातच राहिला. तिनं वहिनींचं बोट धरलं आणि भुवईच्या बरोबर कुठून निघून कुठपर्यंत न्यायचं ते नेऊन दाखवलं. वहिनींनी पुन्हा केलं. मग ठकूबाईनं आपल्या नाकाला दोन बोटं लावून फुली पिळल्यासारखं केलं आणि वहिनींच्या छातीवर बोट ठेवलं.

“अगं बया,” राहीवहिनी स्वतःच्या नाकातल्या फुलीला हात लावत म्हणाल्या. “म्हंजे मघाशी त्ये समदं माझं सांगत हुती?”

कोंडीबा पुढे आला आणि त्यानं भुवईवरून बोट फिरवलं. ठकूबाईनं स्वतःचा कान धरून पिळला, त्याचं नाव. सोनूतात्यानं काठी काखेत धरून बोट फिरवलं. तिनं डोक्यावर छत्री उघडल्यासारखा हात केला. मग धुक्यात उभी असलेली सगळीच माणसं, बाया, पोरं, एकेक करून तिला हाक मारू लागली, आणि ती एकेकाकडे वळून त्याला त्याचं नाव देत गेली. कुणाचं लंगडणं, कुणाची हनुवटी, कुणाच्या मांडीवरून न उतरणारं लेकरू. अडखळली नाही, आठवावं लागलं नाही. सगळी वाडी तिच्या हातांत कधीपासून नावानिशी होती.

सगळ्यात शेवटी मी उरले. मी परकी, त्या वाडीवर येऊन मला आठवडाही झाला नव्हता. तरी मी बोट उचललं आणि भुवईवरून फिरवलं. ठकूबाईनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग तिनं डावा हात कोपरात दुमडला आणि उजव्या हातानं पंजा आणि कोपर यांच्यामधून वायर गुंडाळायला लागली, अगदी माझ्यासारखी, जीभ दातांत धरून.